नमुना क्रमांक एकतीस

हमरियात रात्रपाळी. बाहेर छत्तीस अंश,
खाडीवरून येणारी हवा ओल्या फडक्यासारखी काचेला चिकटलेली.
माझ्यापुढे दोन बाटल्या, दोन्ही पिवळ्या.
डोळ्यांना फरक कळत नाही. हायड्रोमीटरला कळतो:
एक आठशे बत्तीस, दुसरी आठशे ब्याऐंशी.

पहिलीतलं डिझेल पाइपातून आलं,
दुसरीतलं इस्माईल परकारच्या टँकरमधून.
इस्माईल हर्ण्याचा. दिवसभर शारजातल्या कॅफेटेरियांच्या
मागच्या दाराने डबे उचलतो,
समोसे, चिकन, केळ्याची भजी
तळून तळून काळं पडलेलं तेल.
"गावी अंगाला म्हावऱ्याचा वास," म्हणतो,
"इथे भज्यांचा. बायको फोनवरून ओळखेल एक दिवस."

त्या तेलाचं डिझेल कसं होतं, त्याने विचारलं होतं.
मी फळ्यावर सूत्र काढलं, मग पुसलं.
म्हटलं, बंदरात एका खुंटाला तीन होड्या बांधल्यात असं समज.
मेथॅनॉल येतं, चिमूटभर अल्कली येते,
साठ अंशांवर दोर सुटतात, एकेक होडी मोकळी होते
आणि खुंट
हळूहळू तळाशी बसतो.
तो खुंट म्हणजे ग्लिसरीन.
"आणि होड्या?"
त्या इंजिनात जातात.
त्याला ते आवडलं नाही. होड्या जळतात हे
हर्ण्याच्या माणसाला कसं आवडेल.

आज परदेशातल्या प्रयोगशाळेचा अहवाल आलाय.
त्यांनी कार्बनांची वयं मोजली.
आकाशात खूप उंचावर काही कार्बनांच्या अंगात
घड्याळ बसतं. झाडं ते हवेतून घेतात,
पाम घेतो, मका घेतो, भज्यांचं तेल घेऊन फिरतं,
आणि पाच हजार सातशे तीस वर्षांनी
निम्मी किल्ली उतरते.
पहिल्या बाटलीत एकही टिकटिक नाही.
तो कार्बन या समुद्राच्याही आधीच्या समुद्राचा,
शेवाळाचा, दबलेल्या उन्हाचा.
किल्ली कधी होती हेही तो विसरलाय.

दुसऱ्या बाटलीत घड्याळं आहेत.
सगळी नाहीत.

एका रेणूत एकोणीस कार्बन.
अठरा तेलाचे.
एकोणिसावा मेथॅनॉलचा,
आणि आपलं मेथॅनॉल नैसर्गिक वायूचं,
म्हणजे त्याच जुन्या विहिरीचं.

"अठरा वऱ्हाडी आणि एक बिनबोलावता,"
इस्माईल चहाच्या कपात हसला.
बिनबोलावता कसला रे, मी म्हटलं.
तो नसता तर तेल घट्टच राहिलं असतं,
तुझी गाडी थंडीत अडली असती.
"इथे कुठली थंडी, मॅडम?"

मग तो गेला. त्याचा टँकर
कोपऱ्यावरच्या पंपावरचंच डिझेल पितो.
आणि डब्यातलं ते पामतेल कुठल्या रानाच्या जागी उगवलं,
हे कुठलंच घड्याळ सांगत नाही.
मीही विचारलं नव्हतं इतकी वर्षं.
माझा एसी, माझं गोडं केलेलं पाणी, दर मेमधलं विमान,
पगाराच्या स्लिपवरचे आकडे,
सगळे बिनकिल्लीचे.

कपातल्या नमुन्यावर ज्योत उतरवली.
पहिला बासष्ट अंशांवर भडकला.
दुसरा एकशे पासष्टपर्यंत गप्प राहिला,
मग तोही.

हाताला ग्लिसरीन लागलंय, साबणाच्या आधीचं,
चिकट. चाखून पाहिलं नाही, पण गोड असतं म्हणतात.

फॉर्मवर दोनच चौकोन आहेत:
नूतनीकरणक्षम, होय. नाही.
एकोणिसाव्यासाठी जागा नाही.
मी होयवर खूण केली, निळ्या शाईने, वरिष्ठांना दिसेल अशी.
कडेला पेन्सिलीने,
पुसता येईल इतकं फिकट,
लिहिलं: अठरा.